पास्ता, वळवट आणि विजेची पेटी



गेल्या महिन्यात घोडेगावच्या एका भगिनीचं पत्र आलं. पत्र छोटंसंच. त्यांची मुलगी यंदा अकरावीसाठी पुण्याला गेली. चार मुली मिळून खोली घेतली आहे. खोलीत गॅस ठेवायचा नाही, शेगडी ठेवायची नाही, अशी घरमालकीणबाईंची अट. पण जिन्याखाली सगळ्यांसाठी म्हणून एक मायक्रोवेव्ह ठेवला आहे. मुलगी फोनवर सांगते, "आई, मी त्यात पास्ता करून खाते, तू काळजी करू नकोस." आईनं मला विचारलं आहे, "त्या पेटीत पास्ता खरंच शिजतो का हो? की ती उपाशी राहते आणि मला बरं वाटावं म्हणून सांगते?"

पत्र वाचताना आधी मला हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा आलं नाही. पोरगी लांब गेली की आपला निम्मा जीव तिच्या ताटाभोवती घोटाळत असतो, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

तर बाई, आधी उत्तर देते आणि मग बाकीचं बोलू. शिजतो. चांगला शिजतो. तुमची लेक खोटं बोलत नाही.

हे मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण हा धडा मी स्वतः गेल्या वर्षभरात गिरवला आहे, आणि तोही हौस म्हणून नव्हे. मागच्या पौषात आमच्या सासूबाई ओसरीच्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. वय चौऱ्याहत्तर. सहा आठवडे प्लास्टर. आमच्या ह्यांची नोकरी मंचरला, सकाळी साडेआठला घर सोडतात. मुलं शाळेत. माझी शाळा अर्धवेळ असली तरी साडेअकरा ते साडेचार मी घरी नसते. म्हणजे दिवसाचे पाच तास आई घरात एकट्या. मी पोळी-भाजी झाकून जात असे. पण त्यांना आयुष्यभराची सवय गरम खाण्याची. गार वरण घशाखाली उतरत नाही म्हणायच्या आणि नुसता चहा पिऊन बसायच्या.

एक दिवस त्यांनी डाव्या हातानं दूध तापत ठेवलं आणि पलंगावर जाऊन टेकल्या. डोळा लागला. दूध उतू गेलं, त्यानं बर्नर विझला आणि गॅस चालूच राहिला. शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडे वास आला म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते मी अजून मनात पुरतं येऊ देत नाही. काकूंनी पहिलं काम केलं ते खिडक्या-दारं सताड उघडण्याचं आणि दुसरं रेग्युलेटर बंद करण्याचं. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. हे लक्षात ठेवा हं, वास आला की पंख्याचंसुद्धा बटण दाबायचं नाही, ना लावायला ना बंद करायला. बटणाची ठिणगी पुरते.

त्या रात्री ह्यांनी जेवताना मान वर न करता म्हटलं, "शाळा सोडून दे तू." रागानं नव्हे, घाबरून. मी काही बोलले नाही. तुम्हाला ठाऊक आहे, बी. ए. होऊन लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली आणि मग कुठे ही नोकरी मिळाली. पगार म्हणाल तर तुटपुंजाच. पण महिन्याच्या पाच तारखेला तो माझ्या हातात येतो. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. सातव्या दिवशी आम्ही मायक्रोवेव्ह घरी आणला.

आईंनी त्या पेटीकडे पाठ फिरवली. "आत उजेड पडतो आणि जाळ नाही, असलं शिजलेलं मी खाणार नाही," म्हणाल्या. शिवाय आमची मुख्य अडचण वेगळीच निघाली. आपल्या घरात भांडी कसली? सगळी स्टीलची! लग्नातली, बारशातली, नाव घातलेली, मोजून साठ-सत्तर. त्यातलं एकही आत ठेवता येत नाही. धातूवर ह्या लहरी आपटून परत फिरतात, अन्नापर्यंत पोचत नाहीत आणि वेळप्रसंगी ठिणग्या उडतात. सोनेरी काठाच्या कपबश्याही नकोत, कारण तो काठ धातूचाच असतो. काचेची जाड, तापमान सोसणारी भांडी किंवा साधी चिनी मातीची चालतात. प्लास्टिकच्या बाबतीत माझं मत कडक आहे. तळाशी "मायक्रोवेव्हमध्ये चालेल" असं लिहिलेलं किंवा तशी खूण असेल तरच घ्या. आइस्क्रीमचे रिकामे डबे, श्रीखंडाचे डबे आपण जपून ठेवतो ना, ते ह्या कामाचे नाहीत. मी दोन मोठे काचेचे वाडगे घेतले, झाकणासकट. पेटीपेक्षा त्या वाडग्यांची किंमत मला जास्त बोचली, पण तो खर्च करावाच लागतो.

आता पास्ता. मुलीला पाठवायची कृती म्हणून लिहिते, म्हणजे तुम्ही पान कापून पाकिटात घालू शकाल.

एका माणसाला एक सपाट वाटी पास्ता (साधारण १०० ग्रॅम), तीन वाट्या पाणी, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा तेल. वाडगा मात्र भला मोठा घ्यायचा, पास्ता-पाणी घातल्यावर निम्म्याहून जास्त रिकामा राहील असा. का, ते सांगते. भाताची पेज कशी फुगून वर येते, तसाच ह्या पाण्याला फेस येतो. पहिल्या दिवशी मी बेताचा वाडगा घेतला, तर सगळी पेज फिरत्या ताटलीवर. अर्धा तास पुसत बसले.

झाकण ठेवायचं नाही, किंवा ठेवलंच तर तिरकं, वाफेला वाट राहील असं. पूर्ण जोरावर, म्हणजे ८०० वॅटच्या पेटीत, गार पाणी घेतलं तर तेरा-चौदा मिनिटं लागतात. त्यातली पहिली चार-पाच मिनिटं नुसतं पाणी तापण्यात जातात. पाणी आधीच उकळतं मिळालं, विजेच्या किटलीतलं वगैरे, तर दहा-अकरा मिनिटांत काम होतं. पाकिटावर जो वेळ लिहिलेला असतो त्यात गार पाण्याला चार मिनिटं वाढवायची, असा माझा हिशोब. मध्ये दोनदा पेटी थांबवून लाकडी चमच्यानं ढवळायचं, नाहीतर गठ्ठा होतो. बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्यायचा. तेवढ्यात तो आणखी शिजतो. एक तुकडा दाताखाली धरून बघायचा. बाहेरून मऊ आणि मध्ये किंचित कणी लागली की झाला. मग गाळायचं. अर्धी वाटी पाणी मात्र ठेवून द्यायचं, रस्सा दाट करायला कामी येतं.

प्रामाणिकपणे सांगू का? वेळ म्हणाल तर गॅसपेक्षा फारसा वाचत नाही. जो म्हणतो पाच मिनिटांत होतो, त्यानं केलेला नाही. फायदा वेळेचा नाही. ज्वाळा नाही, भांडं करपत नाही आणि विसरलं तरी पेटी आपली आपण बंद होते, हा आहे. विजेचं म्हणाल, तर अशी पेटी भिंतीतून साधारण १२०० वॅट ओढते. पंधरा मिनिटांना पाव ते तिसरा हिस्सा युनिट. बटण मात्र १६ अँपिअरचं, जाड पिनेचं हवं, आणि त्याच बटणावर दुसरं काही लावायचं नाही. जिन्याखालच्या त्या पेटीला कसलं बटण आहे, हे एकदा मुलीला बघायला सांगा.

पास्ता कुठला घ्यावा? पाकीट उलटं करून वाचा. ड्यूरम गव्हाचा रवा असं लिहिलेलं असेल तर घ्या. नुसता मैदा असेल तर पेटीत त्याचा लगदा होतो. आणि ड्यूरम म्हणजे काही परदेशी चीज नव्हे बरं. आपल्याकडे ज्याला जुने लोक बन्सी गहू म्हणतात, तो ह्याच जातीचा. लांबट, कडक, पिवळसर दाण्याचा. खपली हा त्याचाच भाऊबंद. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ड्यूरमच्या एमएसीएस ३९४९ आणि एमएसीएस ४०२८ अशा जाती काढल्या आहेत. म्हणजे इटलीच्या पाकिटात जे आहे ते आपल्या मातीतही पिकतं.

रश्श्याचं काय सांगू! नारायणगावच्या टोमॅटो बाजाराशेजारी राहणाऱ्यांनी बाटलीतला सॉस विकत आणावा, हे मला पटत नाही. माझ्या माहेरी टोमॅटो करतात. २०२३ साली मे महिन्यात तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नव्हती आणि भाऊ फोनवर धड बोलत नव्हता. त्याच वर्षी जुलैत किलोला शंभराच्या वर भाव गेला, तोवर त्याचं शेत रिकामं झालेलं. असो. भाव पडतात तेव्हा आपण चार किलो जास्त घेऊन ठेवावेत, एवढं तरी आपल्या हातात आहे.

चार लाल टोमॅटोंना देठाच्या विरुद्ध बाजूला सुरीनं फुली मारायची, म्हणजे ते फुटत नाहीत. झाकून चार मिनिटं. गार झाले की सालं हातानं निघतात. दुसऱ्या वाडग्यात दोन चमचे तेल, ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, एक मिनिट. त्यात बारीक चिरलेला कांदा, तीन मिनिटं. मग टोमॅटो कुस्करून, तिखट, मीठ, चिमूटभर साखर, चवीला हवी तर कसुरी मेथी. पाच मिनिटं झाकून आणि दोन मिनिटं उघडं. पास्ता घालून आणखी एक मिनिट. मोहरीची फोडणी मात्र ह्या पेटीत करायला जाऊ नका. तडतडत नाही, नुसती कडू होते. फोडणीला जाळच हवा. मुलीच्या खोलीत जाळ नाही, तर तिनं फोडणीशिवाय खावं, काही बिघडत नाही.

तीन गोष्टी तिला बजावून सांगा. झाकण काढताना तोंडापासून लांबच्या कडेनं उचलायचं; वाफेचा चटका जाळापेक्षा वाईट असतो, माझ्या अंगठ्यावर अजून डाग आहे. अंडं कवचासकट आत ठेवायचं नाही, फुटतं. आणि नुसतं पाणी कपात तापवायचं असेल तर त्यात आधी लाकडी चमचा टाकून ठेवायचा. गुळगुळीत कपात पाणी उकळीच्या पुढे तापतं पण बुडबुडे येत नाहीत, आणि साखर टाकताक्षणी एकदम उसळून हातावर येतं.

आता तुमच्यातल्या पुष्कळजणींच्या मनातला प्रश्न. ह्या लहरींनी काही अपाय तर होत नाही ना? आईंनी मला हेच विचारलं होतं, आणि उत्तर मला खोडदला मिळालं. तिथल्या मोठ्या दुर्बिणी आपण नारायणगावाहून जाताना नेहमी बघतो. एकूण ३० तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, तेव्हा मी शाळेच्या मुलांना घेऊन गेले होते. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या पकडतात. हायड्रोजन वायूच्या लहरी २१ सेंटिमीटर लांबीच्या, काही त्याहून कितीतरी लांब. तिथली माहिती ऐकताना माझ्या डोक्यात आलं, अहो, ही तर आपल्या पेटीची भावंडं! आपल्या पेटीतली लहर साधारण १२ सेंटिमीटरची. ती अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवते आणि त्या हलण्यातून उष्णता येते. दाराच्या काचेत जी बारीक भोकांची जाळी असते ती उगाच नक्षी नव्हे. एवढ्या लांब लहरीला त्या भोकांतून बाहेर पडता येत नाही, जसा हरभरा रव्याच्या चाळणीतून पडत नाही. आणि बटण बंद झालं की लहर संपली. अन्नात ती उरत नाही, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तशीच. दार वाकलं असेल किंवा नीट लागत नसेल, तर मात्र दुरुस्त होईपर्यंत पेटी वापरायची नाही.

ह्यावरून एक खरीखुरी गंमत. ऑस्ट्रेलियात पार्क्स नावाच्या ठिकाणी अशीच मोठी दुर्बीण आहे. १९९८ पासून तिला अधूनमधून एक विचित्र खूण मिळत असे आणि शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं चक्रावलेले. २०१५ साली उलगडा झाला. तिथल्याच आवारातल्या मायक्रोवेव्हचं दार कोणीतरी पेटी थांबायच्या आधीच खसकन उघडत असे आणि त्या क्षणी थोडीशी लहर निसटत असे! आकाश धुंडाळणाऱ्यांना जेवण गरम व्हायची वाट बघवत नव्हती. मी हे घरी सांगितलं तेव्हा आई पहिल्यांदा त्या पेटीकडे बघून हसल्या. "म्हणजे तिकडचे पुरुषही तसेच," म्हणाल्या. तेव्हा आधी थांबवा, मग उघडा.

पण हसणं वेगळं आणि खाणं वेगळं. आई खाऊ लागल्या त्या पास्त्यामुळेच. झालं असं, एका रविवारी मुलीसाठी मॅकरोनी काढली होती. आईंनी एक नळी चिमटीत धरून उजेडाकडे नेली, आरपार बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर सरगुंडं. माझी संगमनेरची मावशी पीठ काडीला गुंडाळून करायची आणि काडी ओढून घ्यायची." मग शंखाच्या आकाराचा पास्ता बघितला. "ही नखुली." तांदळाएवढ्या बारीक पास्त्याचं चित्र पाकिटावर होतं, ते बघून म्हणाल्या, "हे गव्हले." मुलगी वही घेऊन बसली आणि आजी सांगत गेली, मालत्या, बोटवे, फेण्या. रुखवतात मांडायला म्हणून उन्हाळाभर बायका वळत बसायच्या ते सगळं वळवट. लग्नघरी मुहूर्ताला गव्हले करतात, हे मला माहीत होतं. पण त्याचे एवढे आकार आमच्याच घरात कोणाला तरी येतात, हे मला दहा वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हा प्लास्टर नुकतंच निघालं होतं. बोटं हलती ठेवा, चेंडू दाबा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. चेंडू आईंनी नातवाला देऊन टाकला आणि मला म्हणाल्या, "वाटीभर रवा भिजव, दुधात, घट्ट." दुपारी एकट्या असताना त्या अंगठा आणि तर्जनीत गव्हले वळू लागल्या. पहिल्या दिवशी जेमतेम बशीचा तळ झाकला. महिनाभरात बरणी भरली. बोटांना किती व्यायाम झाला ते डॉक्टर जाणोत, पण स्वतःच्या हातचे गव्हले पेटीत शिजतात का हे बघायची त्यांना उत्सुकता लागली.

शिजतात. वाळलेले गव्हले पाव वाटी, अर्धा चमचा तूप, एक मिनिट. बाहेर काढून हलवायचे, पुन्हा अर्धा मिनिट, बदामी रंग येईपर्यंत. मग पाऊण वाटी पाणी, तीन मिनिटं. मग दीड वाटी दूध, पण आता जोर निम्मा करायचा, नाहीतर दूध उतू जातं, आणि चार-पाच मिनिटं. साखर आणि वेलची शेवटी. गूळ घालायचा असेल तर खीर कोमट झाल्यावरच, गरम दुधात गूळ पडला की फाटतं. शेवयांचं प्रमाण हेच, फक्त पाण्याचा एक मिनिट कमी.

घोडेगावच्या ताईंना एक सुचवते. मुलगी दिवाळीला घरी येईल तेव्हा जाताना पास्त्याच्या पाकिटाबरोबर घरच्या शेवयांचाही डबा द्या. त्याच वाडग्यात, त्याच पेटीत, मीठ-मिरची घालून चार मिनिटांत उपमा होतो, आणि पैशांचीही बचत.

शाळा मी सोडली नाही. गॅसचा रेग्युलेटर सकाळी निघताना बंद करून जाते, आणि आईंच्या दुपारच्या जेवणाचा वाडगा झाकून ओट्यावर ठेवते. पेटीवर बटणं पंधरा आणि सगळी इंग्रजी अक्षरांची. आईंचा मोतीबिंदू एका डोळ्याचा अजून काढायचा आहे. मग मी माझ्या टिकल्यांच्या पाकिटातली एक मोठी लाल टिकली तीस सेकंदांच्या बटणावर चिकटवली आणि एक काळी, बंद करायच्या बटणावर. वरण-भात असेल तर लाल चार वेळा, दूध असेल तर दोन वेळा. वाफेनं गोंद सैल होतो आणि टिकली पडते, म्हणून दर पंधरा दिवसांनी नवी लावते. परवा संध्याकाळी घरी आले तर जुनी पडलेली होती आणि तिच्या जागी नवी लाल टिकली, जराशी तिरकी, आधीच लावलेली होती.